अमावस्येचा मुक्काम

नवस बायकोचा होता. माझ्या हृदयात स्टेंट बसवला त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून तिनं तुळजापूरच्या आईला सांगून टाकलं होतं की, हे घरी आले तर वालूरहून तुझ्या दारापर्यंत चालत येईन, वाटेत गाडीत पाय ठेवणार नाही. मला हे बऱ्याच उशिरा कळलं. तोवर मी जिना चढायला लागलो होतो. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला चालणं चांगलंच आहे. पण यांना दमा आहे ना?"

"दमा मला चालताना होत नाही," ती म्हणाली, "झोपताना होतो."

हे खरं होतं. दिवसभर ती माझ्यापुढे चालायची. पण रात्री दव पडायला लागलं, गार वारा अंगावर आला, की छातीत शिट्टी वाजायची. म्हणून मी निघतानाच एक अट घातली. रोज रात्री चार भिंती आणि लागणारं दार पाहिजे. ओसरी नको, पत्र्याचं शेड नको, तीन बाजूंनी उघडं देऊळ नको. जागा शोधण्याचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. अंतरं मोजणं, फोन करणं, नक्की करून घेणं हे मला जमतं. शाकंभरी नवरात्रातल्या अष्टमीला तुळजापुरात पोचायचं असा हिशेब धरून मी मागे मागे येत मुक्काम बसवले.

पहिला मुक्काम झरीला ओळखीच्यांकडे, दुसरा परभणीत तिच्या भावाकडे, तिसरा पोखर्णीला भक्तनिवासात. हे तीन नीट पार पडले. चौथा गंगाखेडला, गोदावरीकाठच्या धर्मशाळेत. खोलीला दार होतं, खिडकीही होती, पण खिडकीला काच नव्हती, आणि हे मी फोनवर विचारलं नव्हतं. गंगेवरून रात्रभर ओल आत येत राहिली. ती दम्याचा पंप ओढून पहाटेपर्यंत बसून होती.

सकाळी मी म्हणालो, "परत जाऊ. बस आहे."

"बसमध्ये पाय ठेवला की नवस मोडला. तुमच्या जिवावर बोललेला नवस आहे तो, माझ्या नाही."

"आणि तुझा जीव?"

मग आम्ही ठरवलं. आज रात्री बंद, उबदार जागा मिळाली आणि तिला झोप लागली तर पुढं जायचं. आजची रात्र कालच्यासारखी गेली तर राणीसावरगावहून बस धरून घरी. तिनं हे कबूल केलं. कबूल करताना तिचे डोळे भरले होते, ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

त्या रात्रीची जागा मला पक्की वाटत होती. राणीसावरगावच्या थोडं अलीकडे एक लहान गाव आहे, तिथं आमच्या शाळेतल्या शिपायाचे मेहुणे राहतात. शेती आहे, गावातल्या लिंगायत मठाची देखभालही त्यांच्याकडे. मी फोन केला होता तेव्हा म्हणाले, "या की गुरुजी. अमुशालाच येयलाव ना? लय बेस. दुपारीच या, जेवायलाच या." शाळेत काम करणारा प्रत्येक जण त्यांना गुरुजीच. मी म्हणालो, दुपारी जमणार नाही, संध्याकाळ होईल. "संध्याकाळी व्हय?" ते जरा थांबले. "बरं, या. सोय ऱ्हाती तुमची." मी घाईत होतो, पुढच्या मुक्कामाचा फोन करायचा होता. सोय आहे एवढं ऐकलं आणि ठेवला.

गंगाखेड सोडून आम्ही सावकाश निघालो. वाटेत चहाची दोन हॉटेलं बंद दिसली. दुपार उतरायला लागली तेव्हा त्यांनी सांगितल्याप्रमाणे मोठा रस्ता सोडून पांदणीला लागलो. दोन्ही बाजूंना ज्वारी माझ्या डोक्याच्या वर. बैलगाडीच्या चाकोऱ्या ताज्या होत्या, शेण ओलं होतं, पण गाडी दिसत नव्हती.

थोडं आत गेल्यावर ज्वारीतून आवाज आला. एक माणूस मोठ्यानं काहीतरी म्हणायचा आणि मागून चारपाच जण उत्तर द्यायचे. शब्द ओळखीचे नव्हते. मराठी वाटत होते आणि वाटत नव्हतेही. आवाज आमच्या डावीकडून निघाला, पुढं गेला, वळून मागं आला. कोणीतरी शेताच्या कडेकडेनं फिरत असावं. ताटांची सळसळ ऐकू येत होती, माणूस एकही दिसत नव्हता.

"कोण आहे?" मी ओरडलो.

आवाज थांबला. आम्हीही थांबलो. मग तो पुन्हा सुरू झाला, जरा लांबून.

"बघून येऊ का?" बायको म्हणाली.

"ऊन उतरायच्या आत पोचायला पाहिजे," मी म्हणालो. खरं म्हणजे मला त्या ज्वारीत शिरायचं नव्हतं.

पुढच्या वळणावर ज्वारी जरा मोकळी होती. तिथं कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली लहान खोप होती, पूर्वेकडं तोंड करून. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड ओळीनं मांडले होते, अंगावर शाल पांघरून, हळदकुंकू लावून. पुढं केळीच्या पानावर भाजी, भाकरी, खीर. भाजीतून अजून वाफ निघत होती. आजूबाजूला कोणी नाही. बायकोनं चप्पल काढून हात जोडले. मी तिच्या कोपराला धरून तिला पुढं नेलं.

गाव दिसलं तेव्हा मला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही.

वेशीतून आत शिरलो तर रस्त्यावर कोणी नव्हतं. पारावर कोणी नव्हतं. पिठाची गिरणी बंद. घराघरांची दारं ओढून घेतलेली, कड्या लावलेल्या, आणि कुलूप कुठंच नाही. प्रत्येक कडीत नुसती काडी खोचलेली. गोठे रिकामे. एका घरापुढं नळाखाली घागर ठेवली होती, ती भरून वाहत होती आणि ओघळ रस्त्याच्या मध्यापर्यंत आला होता. बायकोनं नळ बंद केला. एक कुत्रं आमच्या मागं आलं. ते भुंकलं नाही, नुसतं चालत राहिलं, आणि आम्ही थांबलो की थांबायचं.

मी हाक मारली. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

मग मी मेहुण्यांना फोन लावला. रिंग गेली. आणि त्याच वेळी डावीकडच्या निळ्या दाराच्या घरात फोन वाजायला लागला. मी फोन कानापासून दूर धरला. आत वाजतच होता. मी बंद केला, आतला थांबला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. दाराच्या कडीत काडी होती. म्हणजे घर त्यांचं हे कळलं, पण ते कळून उपयोग काय होता?

"फोन घरी ठेवून सगळं गाव कुठं जातं?" मी म्हणालो.

बायको ओट्यावर बसली. "वाट बघू."

वाट बघितली. ऊन भिंतीवरून वर सरकलं आणि गेलं. डिसेंबरअखेरचे दिवस, ऊन गेलं की गारठा लगेच पायातून चढतो. गावाबाहेर एका विहिरीवर मोटर सुरू झाली, तिच्यामागून दुसरी, तिसरी, चारी बाजूंनी. मला आनंद झाला, कोणीतरी आहे म्हणून. मग लक्षात आलं, वीज आली की आपोआप सुरू होणाऱ्या मोटरी आहेत त्या. पाठोपाठ चौकातला सौरदिवा आपला आपण लागला. पाणी चालू होतं, दिवे चालू होते, फोन वाजत होता. गाव चालू होतं. फक्त माणसं नव्हती.

बायकोच्या छातीत शिट्टी सुरू झाली. आधी ती खोकून तो आवाज लपवायचा प्रयत्न करते, हे मला माहीत आहे. तिनं दोनदा खोकून घेतलं.

"मी बघून येतो जागा," म्हणालो. शाळेला मात्र कुलूप होतं, गावातलं बहुधा तेवढं एकच. मारुतीचं देऊळ तीन बाजूंनी उघडं. परत आलो तेव्हा ती ओट्यावर पुढं वाकून बसली होती, हात गुडघ्यांवर.

"काडी काढू का?" तिनं निळ्या दाराकडं बघत विचारलं.

"लोकाच्या घरात? कोणी नसताना?"

"आपलीच सोय केलीय ना त्यांनी?"

"काही गेलं घरातलं, तर नाव आपलं येईल."

"चोरी करायला चालत आलो का हो आपण?" ती दम घेत म्हणाली. "वालूरहून? पायाला फोड आणून?"

मला हसू आलं नाही. अनोळखी माणसं गावात दिसली, पोरं पळवणारे समजून जमावानं मारली, अशा बातम्या मी वाचलेल्या होत्या. आणि इथं तर अख्खं उघडं गाव आणि त्यात आम्ही दोघंच. कोणी आलं तर काय सांगणार होतो? पण तिचा श्वास आता मला चार हातांवरून ऐकू येत होता. मी तिची पिशवी उचलली. "मठ आहे मागं. तो तर कुणाच्या घरात मोडत नाही."

मठ म्हणजे एक दगडी खोली, ठेंगण्या दाराची. दार नुसतं लोटलेलं होतं. आत समई जळत होती. समोर ओटा, त्यावर भस्म, बेलाची पानं आणि एक जुनी पितळी घंटा. ती समाधी होती. लिंगायतांमध्ये माणसाला बसवून पुरतात हे मला ठाऊक होतं, आमच्या एका शिक्षकांच्या अंत्यविधीला मी गेलो होतो. म्हणजे त्या ओट्याखाली जुने स्वामी बसलेले होते, आमच्याकडं तोंड करून की पाठ करून, ते माहीत नव्हतं. खोलीला खिडकी नव्हती. भिंती जाड, हवा कोरडी.

आणि कोपऱ्यात अंथरूण होतं. सतरंजी, वर दोन घोंगड्या, दोन उशा. उशाशी पाण्याचा तांब्या, ताटावर ताट झाकलेलं. बाजूला शेगडी. मी राखेवर हात धरला तर ऊब लागली. राख सारली तर खाली गोवरीचा निखारा लाल होता.

"कोणीतरी राहतंय इथं," मी हळू आवाजात म्हणालो.

"दोघं जण," उशांकडं बघून ती म्हणाली.

आम्ही त्या अंथरुणाला हात लावला नाही. बाजूच्या उघड्या फरशीवर आमची चादर टाकली आणि भिंतीला टेकून बसलो. तिनं पंप ओढला. मी दार लावून घेतलं. आता ज्यांचं अंथरूण होतं ते कोणत्या क्षणी आत येतील आणि आम्हाला काय विचारतील, याचा विचार करत मी बसलो. उत्तर तयार करत होतो. आमचं गाव, माझं नाव, शाळेचं नाव, शिपायाचं नाव. खिशातलं आधार कार्ड काढून हातात धरलं.

बाहेर पुन्हा ते आवाज सुरू झाले. दुपारचेच, पण आता चारी बाजूंनी. मी दार किलकिलं केलं. गावाभोवती सगळ्या शिवारात आगी दिसत होत्या. उभ्या आगी नव्हत्या त्या, चालत होत्या. एक इकडून तिकडं पळायची, गोल फिरायची, अचानक वर उडी मारायची, खाली यायची. अशा किती होत्या ते सांगता येणार नाही. आणि हळूहळू त्या सगळ्या गावाकडं वळल्या.

"काय आहे?" आतून बायको.

"काही नाही," मी म्हणालो आणि दार लावून त्याला पाठ टेकून उभा राहिलो. डॉक्टरांनी छातीत धडधड झाली तर बसायला सांगितलेलं आहे. मी बसलो नाही.

मग घुंगरं ऐकू आली, बैलांची. लहान मुलाचं रडं. कोणीतरी कुणाला तरी म्हणत होतं, "आगं, भज्जीचं पातेलं सांडंल, नीट धर की." त्या एका वाक्यानं मी दारापासून बाजूला झालो.

दार बाहेरून ढकललं गेलं. पन्नाशीचे एक गृहस्थ, हातात विझत आलेला कडब्याचा टेंभा, कपाळाला भस्माचे पट्टे. मागं त्यांची म्हातारी आई.

"गुरुजी?" ते म्हणाले. "तुमीच ना? आरं देवा, आन् असं फरशीवर कामून बसलाव?"

"ते अंथरूण कोणाचं आहे?" मी विचारलं. हातात आधार कार्ड तसंच होतं.

"कोनाचं म्हंजे? तुमचंच. सकाळीच मायनं घालून ठिवलंय. जेवन झाकलंय, शेगडी ठिवली. घरात येळवशीचे पाव्हणे भरल्यात, म्हून हितं सोय केली. आन् आमी तिकडं शेतात दुपारपून वाट बघायलोय, पांदणीच्या तोंडाला पोरगं उभं केलं व्हतं!"

पोरगं बहुधा जेवायला गेलं असावं. आम्हाला कोणी दिसलं नव्हतं.

म्हातारी माझ्याकडं न बघता सरळ बायकोजवळ जाऊन बसली. पाठीवर हात फिरवला, कान देऊन ऐकलं. "छाती वाजायली की गं बाई तुजी. आन् ह्यो मानूस तुला गार फरशीवर बसवतो!" मग माझ्याकडं वळून, "तुमच्याकडं येळवस न्हाई का?"

"नाही."

"न्हाई?" तिचा विश्वास बसेना. "मंग ह्या अमुशाला करताव काय?"

"घरीच असतो."

"घरीच," ती मुलाकडं बघून म्हणाली. आमची दया येत असल्यासारखी.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. ती लातूरकडं असते एवढं मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. त्या दिवशी सगळं गाव, गुरंढोरं, आलेगेले, सगळे शेतात जातात, पाच पांडव पुजतात, अर्धवट कानडी आरोळ्या देत पिकाभोवती फिरतात, तिथंच जेवतात आणि अंधार पडल्यावर पेटत्या पेंढ्या पिकाभोवती फिरवून घरी येतात. तो सण आमच्याच जिल्ह्यात, गंगा ओलांडली की सुरू होतो, हे मला माहीत नव्हतं. कॅलेंडर मी दहा वेळा बघितलं होतं. त्यात अमावस्या होती, बाकी काही नव्हतं.

मी त्यांना पांदणीतल्या खोपीचं सांगितलं. वळणावरची, केळीचं पान होतं, माणूस नव्हतं.

"वळनावरची?" मेहुणे म्हणाले. "त्या रानाचे मालक तर औंदा आलेच न्हाईत. पुन्यात ऱ्हात्यात. रान बटईनं बी दिलं न्हाई."

"ज्वारी उभी होती की."

ते आईकडं बघायला लागले. म्हातारी शेगडी फुंकत होती. "पुजलं असंल कुनीतरी," ती म्हणाली. "आजच्या दिशी रान कुनी मोकळं ठिवत न्हाई." आणि एवढ्यावर ते संपलं. मी पुढं विचारलं नाही.

तिनं मिरी, गूळ आणि कशाकशाचा काढा उकळून बायकोला पाजला, घोंगडीत गुंडाळलं आणि भिंतीला उशी लावून बसवलं. "आडवं होऊ नगंस. बसूनच झोप." मग दोघं गेले. दार लावताना मेहुणे म्हणाले, "भिऊ नगा. स्वामी हायत."

समई तेवढी राहिली. एका बाजूला ओटा, समोर भिंतीला टेकून बायको, ताठ, हात मांडीवर, डोळे मिटलेले. ओट्याखाली ते तसेच बसलेले, वर ही. मला ते साम्य दिसायला नको होतं, पण एकदा दिसल्यावर काढता येईना. मी तिची शिट्टी ऐकत बसलो. ती लांबली, मग आखूड झाली, मग मधेमधे थांबायला लागली. दिवसभर ज्या आवाजाला भीत होतो, तो बंद झाल्यावर जास्त भीती वाटली. खोलीत काहीच ऐकू येईना. मी सरकत तिच्याजवळ गेलो आणि नाकासमोर तळहात धरला.

"आहे मी," ती डोळे न उघडता म्हणाली. "झोपा."

सकाळी ठरल्याप्रमाणे हिशेब करायचा होता.

"झोप लागली मला," ती म्हणाली.

"बसून."

"बसून लागली तरी झोपच ती. आडवी पडून असं कुठं ठरलं होतं?"

"चेहरा बघ तुझा."

बाहेर गाव नांदत होतं. गिरणी, कोंबड्या, कोणाचं तरी नळावरून भांडण. "मग आज चालायचंच नाही," ती म्हणाली. "बसमध्येही बसायचं नाही. इथंच राहू. रोज चाललंच पाहिजे असं मी आईला म्हटलेलं नाही, मला चांगलं आठवतंय."

मला हे सुचलं नव्हतं. माझ्या मुक्कामांच्या गणितात एक दिवस एकाच जागी असणं बसतच नव्हतं. मेहुण्यांना विचारलं तर म्हणाले, "ऱ्हा की. आजून चार दिस ऱ्हा." त्यामुळे पुढचे सगळे फोन मला पुन्हा करावे लागले आणि तुळजापूरला आम्ही अष्टमीऐवजी नवमीला पोचलो.

त्या दिवशी दुपारी मी गावातून दोन चकरा मारल्या. कालचं गाव शोधत होतो म्हटलं तरी चालेल. निळं दार उघडं होतं, ओट्यावर म्हातारी ज्वारी निवडत होती. नळावर बायका होत्या. ते कुत्रं आता येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकत होतं, माझ्यावरही. मग वळणावरच्या खोपीपर्यंत जावं असं मनात आलं. वेशीपर्यंत गेलो आणि परत फिरलो.

रात्री म्हातारीनं पुन्हा काढा दिला. बायको मऊ भात जेवली, सतरंजीवर पडली, आणि मी दार लावेपर्यंत झोपलीसुद्धा. आडवी, कुशीवर, तोंड जरा उघडं, श्वास साधा. मी मात्र तिच्या आदल्या रात्रीच्या जागी भिंतीला टेकून बसलो होतो. निजायला काही हरकत नव्हती, निजवत नव्हतं एवढंच. मेहुणे समईत तेल घालायला आले. त्यांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आज पाळी बदलली वाटतं, गुरुजी," ते हळूच म्हणाले आणि वात सारून दार ओढून गेले.